प्रोस्टेटची वाढ : पथ्य किती, गोळ्या किती?

गेल्या थंडीत एका पहाटे आमच्या गल्लीतले सत्तरीचे निवृत्त गुरुजी रिक्षातून दवाखान्यात आले. ओटीपोट फुगलेले, रात्रीपासून लघवीचा थेंब नाही. नळी घातली, तेव्हा लिटरभराहून जास्त लघवी निघाली.

"गुरुजी, त्रास कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. जावयांनी गोळ्या पाठवल्यात, त्या घेतोय."

बाटलीवर 'सॉ पाल्मेटो' लिहिलेले. अमेरिकेतल्या एका ताडवर्गीय झाडाच्या फळाचा तो अर्क. शिवाय आदल्या रात्री दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेतली होती. तेवढे निमित्त पुरले.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते. मग धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवी.

सॉ पाल्मेटोचे म्हणाल, तर अमेरिकेत २००६ साली २२५ आणि २०११ साली ३६९ पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाले. दुसऱ्यात तिप्पट डोस देऊनही औषध नसलेल्या गोळीपेक्षा गुण आला नाही. 'ई' जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने तर प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्क्यांनी वाढल्याचे २०११ मध्ये दिसले. भोपळ्याच्या बिया खुशाल खा, पण खाऊ म्हणून.

पथ्याचा उपयोग नक्की होतो. पाणी दिवसा प्या, झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आवरते घ्या. जेवणानंतरचा चहा सोडा. (हे सांगितले की निम्मे पेशंट डॉक्टर बदलतात!) दारू नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. भाकरी, पालेभाजी, पेरू पोटात जाऊ द्या. लघवी झाल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. सर्दीची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नका.

रात्री उठावे लागते ते मधुमेहानेही, म्हणून लघवी, साखर आणि सोनोग्राफी करून घ्या. पीएसए ही रक्ततपासणी करायची का, ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. लघवीत रक्त दिसले, थंडी-ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गुरुजींना टॅमसुलोसिन सुरू केले. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून आधी खाटेच्या कडेला बसायला सांगितले. चौथ्या दिवशी नळी काढली. आता ते रात्री एकदाच उठतात. जावयांना काय सांगायचे, एवढीच त्यांना काळजी आहे.