चित्रातून मूर्तीकडे

भिंतीवर काढलेले चित्र आपण एकाच बाजूने पाहतो. मातीची मूर्ती मात्र फिरवून पाठमोरीही पाहता येते. गोव्यात गणपतीच्या मूर्ती घडतात त्या जागेस आपण 'चित्रशाळा' म्हणतो. विद्यार्थिमित्रहो, हा गोड घोटाळा मनाशी ठेवून जपानमधील संगणकीय द्वंद्वखेळांत झालेले एक स्थित्यंतर पाहू.

'कॅपकॉम' या कंपनीचा 'स्ट्रीट फायटर' १९८७ साली निघाला आणि १९९१ सालच्या दुसऱ्या भागाने तो जगभर पोचला. त्यातील मल्ल म्हणजे सपाट चित्रे. एका ठोशासाठी मोजकी चित्रे काढावयाची आणि ती झरझर पालटावयाची, म्हणजे हालचालीचा भास होतो. मल्ल तोंड फिरवी तेव्हा नवे चित्र न काढता जुनेच आरशातल्याप्रमाणे उलटे करीत. परिणामी सागात या एकाक्ष मल्लाची पट्टी दिशा बदलताच दुसऱ्या डोळ्यावर जाई! मुलांच्या नजरेतून असे काही सुटत नाही.

१९९३ साली 'सेगा'च्या 'व्हर्च्युआ फायटर'ने लहानलहान बहुकोनी पृष्ठे जोडून घडविलेले, सर्व बाजूंनी पाहता येणारे मल्ल आणले. १९९६ साली 'स्ट्रीट फायटर ईएक्स' ही उपशाखा त्या वाटेने गेली. मुख्य मालिकेने मात्र २००८ सालच्या चौथ्या भागापर्यंत धीर धरला. त्यातही मल्ल घन झाले, तरी द्वंद्व पूर्वीसारखे एकाच सपाट पडद्यावर, पुढे-मागे आणि खाली-वर, असेच राहिले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. या खेळात काळ मोजतात तो सेकंदाच्या साठाव्या भागाने. ठोसा किती वेळात लागतो, किती अंतरावर पोचतो, हे खेळाडूच्या बोटांत मुरलेले असते. तेच ढळले तर वर्षानुवर्षांची तालीम वाया जावयाची.

खरी अडचण निराळीच होती. मूर्तीच्या दोन स्थिती दिल्या की मधल्या स्थिती संगणक स्वतःच भरतो. हालचाल गुळगुळीत होते, पण चित्रकाराच्या हाताचा झटका हरवतो. १९९८ साली सुरू झालेल्या 'गिल्टी गिअर' मालिकेच्या 'इग्झार्ड' या २०१४ सालच्या खेळात 'आर्क सिस्टिम वर्क्स' या कंपनीने उलटाच मार्ग धरला. मधल्या स्थिती भरण्याचे संगणकाचे काम काढून घेतले. एकेक स्थिती कारागिरांनी हाताने बसविली आणि ती चित्रासारखी क्षणभर स्थिर ठेवली. छायाही निसर्गनियमावर सोडली नाही. ती कोठे पडावी हे हाताने ठरविले, आणि प्रत्येक मल्लाला त्याचा स्वतंत्र दिवा दिला! गरज पडेल तेथे मूठ प्रमाणाबाहेर मोठी केली. यंत्र आले म्हणजे हाताचे काम संपले, असे समजणाऱ्यांनी हे श्रम अवश्य पाहावेत.

एरवी हा खेळ पाहताना सारे हाताने रंगविलेले चित्रच वाटते. मग एखाद्या मोठ्या आघाताच्या वेळी दृश्य एकाएकी मल्लाभोवती फिरते, त्याची पाठ दिसते, खांद्याची गोलाई दिसते, आणि तेव्हा कोठे ध्यानात येते की ही मूर्ती आहे.