सतरा कामं आणि शेळीनं खाल्लेला कागद

माझ्या आजीचं माझ्याबद्दल एकच मत होतं. "या पोट्ट्याच्या पायाले भिंगरी हाय." आता पासष्टी ओलांडल्यावर मोजायला बसलो तर कामं सतरा भरली. एका दिवसात सुटलेली त्यात धरली नाहीत, नाहीतर बायकोसमोर आकडा सांगायची सोय राहिली नसती.

आमचं अकोट म्हणजे कापसाचं गाव. पहिली मजुरी अर्थातच वेचणीची. बोटं बोंडाच्या काट्यांनी सोलली आणि संध्याकाळी काट्यावर माझा कापूस बाजूच्या म्हातारीच्या निम्माही भरला नाही. मग पानमळ्यात गेलो. सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्याकडे आणि अंजनगावकडे पानपिंपरी होते. औषधात जाते ती. वाळत घातलेली पिंपरी राखायचं काम होतं. शिंकून शिंकून मीच वाळलो. पुढे अकोला-अकोट छोट्या गाडीत फुटाणे विकले. पाटसूल येईपर्यंत निम्मे मीच खाऊन टाकायचो. आता २०२२ पासून तिथं मोठी गाडी धावते. परवा बसलो, तेव्हा फुटाणे विकत घेऊन खाल्ले, फार महाग वाटले.

पण खरी मजेची नोकरी होती नंबर धरायची. १९७२ च्या सुमारास कापूस एकाधिकार योजना आली, आणि शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच द्यायचा असं झालं. हंगामात खरेदी केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागे, दोन-दोन, तीन-तीन रात्री. शेतकऱ्याच्या घरी ढोरं, वावरात वेचणी; त्याला तिथं बसून कसं चालणार? म्हणून त्याच्या बंडीवर मी झोपायचो. रात्रीचे पाच रुपये आणि भाकर. कापसावर झोपण्याइतकी ऊब मला पुढे लग्नातल्या गादीतही मिळाली नाही.

एका पहाटे नंबराची चिठ्ठी खिशातून निम्मी बाहेर आली होती. कुणाची तरी शेळी मोकळी सुटलेली. मी उठलो तेव्हा तिच्या तोंडात शेवटचा कोपरा होता, त्यावरचा शिक्का तेवढा दिसला. मालक आला. "काय झालं रे?" मी शेळीकडे बोट दाखवलं. त्यानं पाच रुपये दिले नाहीत, दुसरं जे दिलं ते गालावर होतं. बंडी पुन्हा शेपटाला लागली.

कागद सांभाळायला तेव्हाच शिकायला हवं होतं. पण शेळीला दोष देऊन मी मोकळा झालो.

पुढे १९९६ साली सूतगिरणीत लागलो, चार वर्षं. मग तेलगिरणीत तीन, मग पुण्यात सिक्युरिटीत चार. तिन्हीकडे पीएफ कापला जायचा. सुटलो की दोन फॉर्म भरायचे, १९ नंबरचा आणि १०-सी, आणि सगळे पैसे काढून घ्यायचे. पहिल्या पैशात लूना घेतली, दुसऱ्यात ती दुरुस्त केली, तिसऱ्यात लूनाही नव्हती आणि पैसेही कुठे गेले ते आठवत नाही.

अठ्ठावन्न झालं तेव्हा जुना सोबती भेटला. म्हणाला, "माही पेन्शन सुरू झाली. तुही?" मी हसलो. १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी लागते, आणि ती एकाच ठिकाणची लागत नाही. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या सव्वाआठ टक्क्यांच्या जवळपास पैसे पेन्शनमध्ये जातात. ते पगारातून कापलेले दिसत नाहीत, म्हणून आम्हाला ते आपले वाटलेच नाहीत. १०-सी भरताना पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागता येतं. मग आधीची वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात. माझी बेरीज अकरा होती. मी ती तीनदा पुसली.

पोट्ट्यांनो, पुण्याला निघालात तर एवढं करा. नवा मालक युएएन, म्हणजे पीएफचा नंबर, विचारेल, तेव्हा जुनाच द्या. नवा काढू देऊ नका. तीन ठिकाणी तीन नावं नकोत. मी सूतगिरणीत 'नाना', तेलगिरणीत आडनावाविना. आधारवर जसं नाव आणि जन्मतारीख आहे तसंच पीएफच्या खात्यात आहे का, हे पहिल्याच महिन्यात मोबाइलवर बघा. भांडण झालं म्हणून चौथ्या वर्षी नोकरी सोडणं तर माझं खास कसब. आमच्या वेळी ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागत.

"हजार रुपयानं काय होते?" असं कुणी म्हणेल. २०१४ पासून किमान पेन्शन तेवढी आहे खरी, फार नाही. पण माझ्या गोळ्या तेवढ्यात येतात, आणि आपण गेल्यावर बायकोलाही काही मिळतं.

तो सोबती वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला जातो. त्याला स्कूटर चालवता येत नाही, म्हणून मी सोडतो. यंदा खिडकीतल्या पोरीनं त्याचा अंगठा घेतला आणि मला विचारलं, "काका, तुमचं?"

"मी सोबत आलो," म्हटलं. बाहेर येऊन त्यानं चहा पाजला, वर पेट्रोलचे पन्नास दिले. अठरावं काम.