अडकणारा खण आणि करडईचे तेल



ऊसविकासाच्या पानावर सुतारकाम कशाला, असे कोणी म्हणेल. कारण सांगतो. गेल्या श्रावणात आडसालीच्या नोंदी घेत आम्ही लोह्याकडच्या एका सभासदाच्या घरी गेलो. शेअर दाखला पाहायचा होता. तो टेबलाच्या खणात, आणि खण काही केल्या निघेना. "काका, जोर लावू नका," म्हणेपर्यंत पुढची फळी हातात आली. आतला दाखला तेलकट होऊन आरपार दिसू लागलेला, सात-बारा तळाला चिकटलेला. खण अडला की काका दरवर्षी वाटीभर करडईचे तेल सोडत.

चूक तिथेच झाली. करडई, जवस ही वाळणारी तेले. हवा लागली की ती चिकट होतात, मग घट्ट धरतात. म्हणूनच जवसाचे तेल रोगणात वापरतात. आपल्याकडे करडई घरोघर, तेव्हा हात तिकडेच जातो. खायला ते तेल उत्तम, खणाला नव्हे. शेंगदाण्याचे तेल इतके वाळत नाही, पण धूळ धरते व कागदाला लागते. ट्रॅक्टरचे ग्रीस, जळके ऑईल तर नकोच नको.

मुळात लाकूड पावसाळी हवेतली ओल पिते आणि रुंदीला फुगते. लांबीला जवळजवळ नाहीच. सागवान त्यातल्या त्यात कमी फुगते. म्हणून श्रावणात अडलेला खण मार्चमध्ये बहुधा आपोआप सुटतो. भर पावसाळ्यात रंधा मारून घेतलात तर उन्हाळ्यात तोच खण खडखड वाजेल.

खण रिकामा करून पूर्ण बाहेर काढा. पट्टीवर जिथे लाकूड घासून चकचकीत झालेले दिसेल, अडचण तिथे. जुने तेल असेल तर टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसा, दोन दिवस वाळू द्या, बारीक पॉलिशपेपर फिरवा. मग साधी पांढरी मेणबत्ती, न वितळवता, खणाच्या कडांवर आणि पट्ट्यांवर दाबून घासा. खण चार-सहा वेळा आत-बाहेर करा. मेण कोरडे राहते, कागद डागाळत नाही. साबणाची वडीही चालते, पण साबण ओल धरतो आणि खिळे गंजतात. खणाच्या कुलपाला मात्र पेन्सिलीच्या शिशाची पूड बरी.

जाता जाता : उसाच्या पेराखाली बोटाला लागते ती पांढरी भुकटी म्हणजेही मेणच. गाळपात त्यातले बरेचसे प्रेसमडमध्ये जाते. म्हणून कोणी प्रेसमड खणाला फासू नये!

काकांनी दुय्यम दाखल्यासाठी अर्ज दिला आहे. नवी फळी बसली, मेणबत्तीही लागली. सात-बारा तलाठ्याकडून नवा घेतला.