चौघे मित्र, एक बेट आणि सामाईक पाकीट



पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या आमच्या पिढीला परदेश म्हणजे प्रथम रशियाच ठाऊक! १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला आणि रशियन तंत्रज्ञांच्या आठवणी वडीलधाऱ्यांकडून ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे ऑक्टोबर २०२५ मध्ये आम्हा चार शाळासोबत्यांनी भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर चार रात्रींसाठी जाण्याचे ठरविले, तेव्हा घरोघरी ‘हे कुठे आले?’ हाच प्रश्न उमटला. वास्तविक, १८७८ साली ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी याच बेटावर नेले होते. असो. बँक अधिकारी म्हणून खजिनदारपद ओघानेच माझ्याकडे आले. त्या हिशेबातून जे शिकलो, तेवढेच येथे मांडतो.

पहिला प्रश्न अंदाजपत्रकाचा. बैठकीत हॉटेलांची चर्चा रंगली असता आमच्यातील एक जण गप्प होता. त्याच वर्षी त्याच्या वडिलांची बायपास झाली होती. ‘मला जमणार नाही’ असे चारचौघांत म्हणणे किती अवघड असते, हे कर्जविभागात बसणाऱ्यास निराळे सांगावे लागत नाही. म्हणून प्रत्येकाने झेपेल तो आकडा नाव न घालता चिठ्ठीवर लिहावा आणि सर्वांत लहान आकडा तोच सर्वांचा, असे ठरविले. तो निघाला १,६०,००० रुपये. आठवड्याच्या चार रात्री झाल्या, हॉटेलाऐवजी स्लिमा येथे स्वयंपाकघर असलेली सदनिका घेतली. कोणाची चिठ्ठी होती, हे कोणी विचारले नाही.

माल्टा २००७ पासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि १ जानेवारी २००८ पासून तेथे युरो हे चलन आहे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो असून किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. व्हिसा नाकारला गेल्यास शुल्क परत मिळत नाही, म्हणून ही रक्कम सामाईक खर्चात न धरता ज्याची त्याने भरावी.

परकीय चलनाबाबत रिझर्व्ह बँकेची उदारीकृत विप्रेषण योजना लागू होते. तिची मर्यादा प्रत्येक निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर इतकी आहे. ही मर्यादा व्यक्तीची असते, गटाची नव्हे. येथेच अनेक गट चुकतात. एकच मित्र सर्वांचे पॅकेज आपल्या पॅनवर घेतो आणि टीसीएसचा सारा भार त्याच्यावर येतो. आम्ही गेलो त्या वर्षी परदेशी सहलीच्या पॅकेजवर दहा लाखांपर्यंत ५ टक्के व त्यावरील रकमेवर २० टक्के दर होता. समजा, माणशी २,७५,००० रुपयांची चार पॅकेजेस एकाच्याच नावे घेतली, तर एकूण ११,००,००० रुपयांवर ७०,००० रुपये कापले जातात. प्रत्येकाने स्वतंत्र घेतल्यास माणशी १३,७५०, म्हणजे एकूण ५५,०००. ही रक्कम विवरणपत्रात समायोजित होते, परंतु ती ज्याच्या पॅनवर जमा झाली त्याच्याच! दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. आरक्षणाच्या दिवशीचा दर शाखेत विचारून घ्यावा.

आम्ही पॅकेज टाळले आणि चौघांनी एकाच दिवशी आपापल्या प्रवासी कार्डावर युरो भरले. कारण साधे आहे. दिवस वेगळे असते तर दरही वेगळे, आणि परतल्यावर ‘तुझा युरो माझ्यापेक्षा स्वस्त’ हा वाद!

एक चूक मात्र झालीच. वॅलेटातील एका उपाहारगृहात कार्डयंत्राने ‘युरो की रुपये?’ असे विचारले. ओळखीचे चलन दिसताच आमच्या मित्राने रुपयांचे बटण दाबले. खजिनदार शेजारीच बसला होता, पण त्याचे लक्ष माशाच्या रश्श्यात! अशा वेळी बिलाच्या युरोंचे रुपये यंत्रामागील संस्था आपल्या दराने करते आणि आपले कार्ड युरोंचे असल्याने त्या रुपयांचे पुन्हा युरो होतात. दोनदा रूपांतर, दोनदा घट. नेहमी स्थानिक चलनच निवडावे.

गोझो बेटाची बोट मात्र हिशेबनिसाला आवडावी अशी आहे. चिर्केव्वाहून जाताना पैसे घेत नाहीत. परतीच्या वेळी दोन्ही फेऱ्यांचे भाडे एकदम घेतात. गोझोवरील जगांतिया ही पाषाणमंदिरे पाच हजार वर्षांहून जुनी आहेत. तेथील समुद्रातली प्रसिद्ध खडककमान मात्र आता पाहता येत नाही. ती ८ मार्च २०१७ रोजी कोसळली.

परतीच्या विमानतळावर ताळेबंद मांडला. पूर्णांकात सांगायचे तर, एकाने निवासाचे ४०० युरो दिले होते, दुसऱ्याने बस, बोट व प्रवेशशुल्काचे १६०, तिसऱ्याने किराण्याचे ४०, चौथ्याने काहीच नाही. एकूण ६००, माणशी १५०. म्हणजे पहिल्याचे येणे २५०, दुसऱ्याचे १०. तिसऱ्याचे देणे ११०, चौथ्याचे १५०. चौथ्याने पहिल्यास १५०, तिसऱ्याने पहिल्यास १०० व दुसऱ्यास १०, अशा तीनच नोंदींत खाते मिटते. रोज रात्री देवघेव केली असती तर दहा-बारा नोंदी झाल्या असत्या. प्रत्यक्ष रक्कम घरी आल्यावर कार्ड भरल्या दिवसाच्या दराने रुपयांत वळती केली.

उरलेल्या चलनापैकी २,००० डॉलरपर्यंतचे स्वतःजवळ ठेवता येते. अधिक असल्यास परतल्यापासून १८० दिवसांत बँकेस विकावे लागते. नाणी मात्र सहसा कोणी परत घेत नाही. आमच्याकडे एक युरोची चार नाणी उरली होती, आठ टोकांचा माल्टाचा क्रूस कोरलेली. ती एकेकाने घेतली. माझे कॅश ड्रॉवरमध्ये नव्हे, घरच्या देवघराच्या फडताळात आहे.