जुन्या घरांतील वीजमांडणी

गोव्यातील काही जुन्या कौलारू घरांत लाकडी पट्ट्यांवर बसविलेल्या तारा व चिनी मातीचे फ्यूज अद्यापि आढळतात. ही मांडणी झाली ती चार दिवे व एखादा पंखा एवढ्यापुरती. त्याच तारेवर आता २००० वॅटचा गिझर जोडला जातो. २३० व्होल्ट दाबावर तो सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. फ्यूज वारंवार उडतो, म्हणून त्यात जाड तार घातली जाते. घात होतो तो येथेच. फ्यूज टिकतो, परंतु पट्टीवरील तार तापून तिचे वेष्टन करपते. आणि वर वाशांचे कोरडे लाकूड असतेच.

फ्यूजऐवजी आपोआप तुटणारी एमसीबी कळ बसविली म्हणजे काम संपले, ही समजूतही चुकीची आहे. तिचे मान तारेच्या कुवतीवरून ठरवावे लागते. दिव्यांच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेवर ३२ अँपिअरची कळ बसविणे म्हणजे फ्यूजमध्ये जाड तार घालण्यासारखेच होय. शिवाय माणसास बसणारा धक्का ही कळ ओळखत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीस वीज तोडणारी आरसीसीबी कळ व सुस्थितीतील अर्थिंग हवे. पावसाळ्यात भिंती ओलावल्यावर ती कळ वारंवार वीज तोडू लागल्यास ती काढून टाकू नये. परवानाधारक कंत्राटदाराकडून गळतीची जागा शोधून घ्यावी.