लष्करी मनोऱ्यातून नागरी मनोऱ्यात

करोंदच्या छतांवरून राजा भोज विमानतळाकडे उतरणारी विमानं दिसतात. त्यामुळे असेल कदाचित, पण आमच्या भागातल्या मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "ताई, आधी फौजेत गेलं की पुढे एटीसीची नोकरी सोपी पडते का?" मी दहा वर्षं हवाई दलात अल्पसेवा अधिकारी म्हणून नियंत्रणाचं काम केलं आणि नंतर नागरी सेवेत आले. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मी दिलं पाहिजे. काम सोपं जातं, पण दार सोपं होत नाही.

आधी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आपण पुण्याला विमानाने जातो तेव्हा आपलं विमान उतरवणारा आवाज हवाई दलाचा असतो. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ आहे, तिथे सुखोई आहेत, आणि प्रवाशांची इमारत त्या तळाच्या कडेला बसवलेली आहे. गोव्याला दाबोळीला हेच काम नौदल करतं, कारण तो आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ. त्याच गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि तिथला मनोरा मात्र भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या भोपाळसारखाच. म्हणजे एकाच छोट्या राज्यात एक वैमानिक सकाळी वर्दीतल्या नियंत्रकाशी बोलतो आणि संध्याकाळी साध्या कपड्यातल्या. शब्द दोघांचे तेच.

म्हणून लष्करातला नियंत्रक नागरी विमानांना परका नसतो. लोहगावसारख्या ठिकाणी एकाच धावपट्टीवर प्रवासी विमानही असतं आणि सरावाहून परतणारी लढाऊ विमानंही. लढाऊ विमानाचं उरलेलं इंधन मिनिटांत मोजतात. त्याला "जरा थांब" म्हणायचं तर ते 'जरा' किती, हे सांगणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. इथे डोक्यात घड्याळ बसतं आणि ते पुढे कायम चालतं.

दुसरी सवय बोलण्याची. खराब हवेत वैमानिकाला धावपट्टी दिसत नसेल, तर अचूक रडारवर बसलेला नियंत्रक त्याला बोलून बोलून खाली आणतो: थोडं डावीकडे, उंची बरोबर, किंचित खाली आहेस. शेवटच्या टप्प्यात हे बोलणं पाच सेकंदही तुटायचं नाही; तुटलं तर वैमानिकाने समजायचं की संपर्क गेला. आता तुम्ही साहित्याची मंडळी, तुम्हाला गंमत वाटेल, पण मी कमी शब्दांत बोलायला शिकले ते या खुर्चीवर. विशेषण नाही, 'बहुतेक' नाही, 'असं वाटतं' नाही. आवाज चढवायचा नाही, कारण घाबरलेला आवाज वैमानिकाला लगेच कळतो.

तिसरी गोष्ट पाढ्यांसारखी: ऐकलेलं परत म्हणून दाखवणं. उंची, दिशा, धावपट्टीचा आकडा वैमानिक परत म्हणतो आणि नियंत्रक ते कान देऊन ऐकतो. सांगणं हे अर्धं काम, ते बरोबर परत आलं का हे ऐकणं उरलेलं अर्धं. पाळी बदलतानाही तेच. जाणारा माणूस येणाऱ्याला सगळं चित्र तोंडी देतो आणि ते पोचल्याची खात्री झाल्याशिवाय खुर्ची सोडत नाही. फौजेत हे इतकं अंगवळणी पडतं की पुढे वेगळं शिकावं लागत नाही.

पण काही गोष्टी उतरवून ठेवाव्या लागतात. तळावरचे वैमानिक ओळखीचे असतात. कोण लवकर उत्तर देतो, कोण गुणगुणत बोलतो, सगळं ठाऊक. चार लढाऊ विमानं एकत्र उडत असली तर तो ताफा नियंत्रकाला एकच विमान मानता येतो, आपसातलं अंतर त्यांचं ते सांभाळतात. नागरी आकाशात प्रत्येक विमान वेगळं. वरखाली साधारण एक हजार फूट, नाहीतर रडारवर आडवं अंतर, लांबच्या मार्गावर पाच नॉटिकल मैल आणि विमानतळाजवळ तीन. आणि समोरचा आवाज कुठल्याही देशाचा.

तो आवाज कळला नाही तर काय होतं, ते १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी विमान १४ हजार फुटांवर, दिल्लीला येणारं कझाक विमान १५ हजारांवर थांबायचं. कझाक विमान त्याहून खाली आलं. ३४९ माणसं गेली, वाचलं कुणी नाही. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीत कझाक वैमानिकांच्या इंग्रजीचा मुद्दा पुढे आला. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे होते. दिल्लीच्या आकाशाचा बराच भाग हवाई दलासाठी राखलेला असल्याने येणारी-जाणारी नागरी विमानं तेव्हा एकाच वाटेने जात. दिल्लीला विमानाची उंची आपोआप दाखवणारं रडारही त्या वेळी कामात नव्हतं. लष्करी आणि नागरी आकाश वेगळं ठेवलं की काय होतं, याचा हा धडा आहे असं मी मानते. दोन्हीकडे बसलेला माणूस म्हणून मला तो जास्त लागतो.

या अपघातानंतर वाटा वेगळ्या झाल्या. पुढे जगभर नियंत्रकांसाठी इंग्रजीची पातळी ठरली: सहापैकी किमान चौथी. इथे कॉन्व्हेंटचं इंग्रजी लागत नाही. अडचण अनपेक्षित असली तरी ती साध्या वाक्यात सांगता आली पाहिजे.

आता दाराबद्दल. अमेरिकेत १९८१ च्या ऑगस्टमध्ये नियंत्रकांनी संप केला, रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक जणांना काढलं, आणि मनोरे चालू ठेवायला लष्करी नियंत्रकही आणले. तिथे आजही लष्करात हे काम केलेल्याला भरतीच्या वयात सवलत आहे. आपल्याकडे प्राधिकरणाची कनिष्ठ अधिकारी (एटीसी) भरती वर्दीकडे पाहून होत नाही. भौतिकशास्त्र आणि गणितासह बीएस्सी किंवा अभियांत्रिकी, वय २७ पर्यंत, संगणकावरची परीक्षा, मग आवाजाची चाचणी, मानसिक चाचणी, वैद्यकीय. मला अधिकारी म्हणून केलेल्या सेवेची पाच वर्षांची सवलत मिळाली आणि मी जेमतेम बसले. प्रयागराजला प्रशिक्षणाला माझ्या वर्गात बावीस वर्षांची मुलं होती आणि परीक्षकाला माझ्या जुन्या हुद्द्याशी काही देणंघेणं नव्हतं. ते बरोबरच आहे. परवानगी जागेपुरती असते. एका मनोऱ्याची पात्रता घेऊन दुसऱ्या मनोऱ्यावर बसता येत नाही, तिथलं आकाश पुन्हा शिकावं लागतं.

म्हणून अग्निवीरचा हिशेब कागदावर करावा. करोंद मंडीत हमाली करणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, मला म्हणाला, "चार वर्षं वायुदलात काढतो, मग एटीसी." मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. हवाई दलात मनोऱ्यातला माइक सहसा अधिकाऱ्यांच्या हातात असतो, त्यामुळे चार वर्षांत नियंत्रणाचा अनुभव मिळेलच असं धरू नये. अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, म्हणून वयाची ती सवलत गृहीत धरू नये. आणि सेवेत असताना मुक्त विद्यापीठाची कौशल्याची पदवी घ्यायची असेल, तर भरतीच्या जाहिरातीतले 'भौतिकशास्त्र आणि गणितासह' हे शब्द आधी वाचावेत.

मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. अठराव्या वर्षी गेला तर बाविसाव्या वर्षी बाहेर, पदवी पंचविसाव्या वर्षी, उरली दोन वर्षं, आणि भरती दर वर्षी निघेलच असं नाही. तेच आधी पदवी पुरी केली तर एकविसाव्या वर्षी प्राधिकरणाची परीक्षा देता येते, आणि अधिकारी म्हणून हवाई दलात किंवा नौदलात जायची वाटही उघडी राहते, जिथे माइक खरोखर हातात येतो. त्याने ते पान फाडून घरी नेलं, वडिलांना दाखवायला.