गॅसकटर पेटवण्याआधी

बाळा, जीप घेतलीस ते चांगलं केलंस. १९७८ ची सीजे-३बी, चासी सरळ, पत्रा शाबूत, आणि मूळचं पेट्रोल इंजिन कुणीतरी केव्हाच काढून विकलेलं. तिच्यात डिझेल बसवायचं तुझ्या मनात आहे, आणि दोस्तांना घेऊन तू भंगारबाजार पालथे घालतोयस, हे वहिनींकडून कळलं. मी अडवणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं आयुष्य असल्याच गाड्यांखाली गेलं. वस्तादांनी मला जे कानात सांगितलं ते पुढे कुणाला तरी द्यायचं होतंच, तेव्हा गॅसकटर पेटवण्याआधी हे सगळं नीट वाच.

पहिलं काम पान्याचं नाही, आरटीओचं आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी बुकातला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून कार्यालयात जा, कोणतं इंजिन, कोणत्या इंधनाचं, हे लेखी विचार आणि उत्तरही लेखीच घे. नाही म्हणाले तर त्याच जातीचं पेट्रोल इंजिन शोध आणि त्याची परवानगी काढ, नाहीतर गाडी शेतात आणि खाजगी ट्रॅकवरच चालव. 'आधी बसवू, मग बघू' असं सांगणारे गॅरेजवाले भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. इंजिन घेताना बिल हवं, आणि ब्लॉकवरचा नंबर घासलेला दिसला तर फुकट मिळालं तरी हात लावायचा नाही.

तुझ्या त्या मित्राला एक निरोप दे. त्याच्या आजोबांची साठच्या दशकातली जीप अजून मूळच्या हरिकेन इंजिनवर चालते म्हणे. तिला त्याने कापू नये. २०२१ मध्ये केंद्राचे जे नियम आले, त्यांत ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. इंजिन बदललं की तो हक्क हातचा जातो. ते इंजिन खोलून बोअर करावं, रिंग-पिस्टन घालावेत, आणि अभिमानाने चालवावं. चालतं मूळ इंजिन काढून टाकायला माझा कायमच विरोध राहिला आहे.

आता तुझ्या जीपकडे येऊ. सगळी पोरं विचारतात, "काका, ताकद किती वाढेल?" वस्ताद त्यांना उलट विचारायचे, "मागचा क्राउन-पिनियन किती दातांचा?" गणित मांडून बघ. जुन्या सीजे-३बीचं मागचं गुणोत्तर ५.३८ आहे. १६ इंची टायरचा घेर सव्वादोन मीटर धर. टॉप गिअरला ताशी ८० किलोमीटरच्या वेगात इंजिन मिनिटाला जवळजवळ ३२०० फेरे घेतं. पूर्वी आपल्याकडे शेतकऱ्यांनी पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातली डिझेल इंजिनं बसवली. २००० फेऱ्यांच्या आसपास चालायला बनलेलं इंजिन या क्राउनवर ५० च्या पुढे कसं पळणार? ऊस ओढायला ते बरं होतं. पुण्याला जायचं म्हटलं की इंजिन नुसतं ओरडायचं, मालक पंपाला दोष द्यायचा, आणि दुखणं असायचं मागच्या अॅक्सलमध्ये.

म्हणून तुला मी प्यूजोचं इंजिन सुचवतो. महिंद्राने १९७९ मध्ये प्यूजोशी करार करून एक्सडीपी ४.९० इंजिनाचा परवाना घेतला आणि १९८५ च्या एमएम ५४० मध्ये तेच बसवलं. ४.९० म्हणजे चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. स्ट्रोक ८३ चा, एकूण २११२ सीसी. हरिकेनचा बोअर ७९ आणि स्ट्रोक तब्बल १११ मिलिमीटर. स्ट्रोक आखूड असल्याने प्यूजो ४००० च्या वर फेरे सहज घेतं आणि ५.३८ च्या क्राउनशी त्याचं जमतं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. महिंद्राच्याच जीपमध्ये हे इंजिन हजारो वेळा बसलंय, तेव्हा माउंटिंग, क्लच, पाइप, सगळं कुठे ना कुठे मिळतं. अमेरिकेत हौशी लोकांनी १९५५ नंतर ज्यात त्यात शेव्हरोलेचं छोटं व्ही-आठ बसवलं, ते आटोपशीर होतं आणि त्याचं सामान सगळीकडे मिळायचं म्हणून. आपण जगात पहिल्यांदा काही करतोय याचा आनंद पहिला पार्ट शोधायला निघेपर्यंतच टिकतो.

इंजिन एकटं घेऊ नकोस. त्याच्यासोबत बेल हाउसिंग, फ्लायव्हील, क्लच, केएमटी-९० गिअरबॉक्स, सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग, अॅक्सिलरेटरची केबल, माउंटिंगचे रबर, आणि डबाभर बोल्टसुद्धा घे. विकणारा म्हणेल, बोल्ट कुठेही मिळतील. मिळत नाहीत. इंजिन थंड असताना सुरू करायला लाव. आधीच गरम करून ठेवलं असेल तर संध्याकाळी परत जा. चालू असताना तेलाचं झाकण काढून बघ, वाफेचे लोट आले तर रिंगा गेल्या. रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट किंवा हेडच गेलंय.

गिअरबॉक्स त्याच इंजिनाचा घेतलास तर पुढचं दुखणं टळेल. पण तुला जुना तीन गिअरचाच बॉक्स ठेवायचाय असं ऐकलं, तर इथे कान देऊन ऐक, कारण या धंद्यातल्या निम्म्याहून अधिक गाड्या इथेच बिघडतात. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये अॅडॉप्टर प्लेट येते. लेथवाला ती बनवतो, भोकं जुळतात, बोल्ट बसतात, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. बोल्ट फक्त दाबून धरतो, मध्य साधत नाही. मध्य साधतात डॉवेल पिना. क्रँकचा मध्य आणि क्लच शाफ्टचा मध्य एका रेषेत नसेल तर गाडी चालू होते, पहिले काही दिवस छान पळते, मग क्लच थरथरतो, गिअर आपोआप निसटतो, बॉक्सचं पुढचं बेअरिंग रडायला लागतं. माणूस बॉक्स खोलतो, बेअरिंग बदलतो, आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

तपासायचं असं. फ्लायव्हीलवर चुंबकी स्टँड लाव, त्यावर डायल गेज, आणि गेजची सुई बेल हाउसिंगच्या त्या गोल भोकाच्या आतल्या कडेला टेकव, जिथे बॉक्सचा पुढचा कॉलर बसतो. गेज शून्यावर आण. मग क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने धरून सावकाश फिरव. सुई एका बाजूला जाईल, परत येईल. पूर्ण फेऱ्यात ती एकूण पाच थाऊच्या आत राहिली पाहिजे, म्हणजे इंचाचे पाच हजारांश, साधारण ०.१३ मिलिमीटर. मग तीच सुई हाउसिंगच्या तोंडावर टेकवून पुन्हा फिरव, म्हणजे प्लेट तिरकी आहे का ते कळेल. सुई जास्त हलली तर प्लेट लेथवर परत. रबरी हातोडा मारून, बोल्ट ढिले-घट्ट करून सुई आणायची नाही. वस्ताद हे माप स्वतः घ्यायचे. दिवसभराच्या बाकी कामात पोरांवर सोडायचे, पण गेज हातातून देत नसत. तुलाही तेच सांगेन, हे माप दुसऱ्यावर सोपवू नकोस.

क्लच शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बुशात शिरतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं इंजिन घेऊन येणाऱ्यांनी हे नक्की पाहावं, कारण तशा बऱ्याच इंजिनांच्या क्रँकला हे बुश नसतंच. ते करून घ्यावं लागतं. शाफ्ट बुशात पुरेसा जायला हवा, पण तळाला टेकता कामा नये. किती जागा उरते ते डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी वस्ताद कणकेचा गोळा वापरायचे. भोकाच्या तळाशी कणीक चिकटवायची, बॉक्स बसवायचा, काढायचा, आणि दबलेली कणीक व्हर्नियरने मोजायची. इंजिनखालचा तेलाचा चेंबर आणि पुढचा अॅक्सल, पंखा आणि रेडिएटर, मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग बॉक्स, सगळीकडे हाच उपाय. चेंबरखालची जागा मात्र गाडी उभी असताना मोजू नकोस. जॅक लावून अॅक्सल वर बंपरबटपर्यंत दाब, तेव्हा मोज. खड्ड्यात अॅक्सल तिथवर येतोच. तेव्हा चेंबर फुटला की तेल रस्त्यावर आणि क्रँक जाम.

माउंटिंग बसवताना रिकामा ब्लॉक आणि रिकामा बॉक्स चासीत टांग. भरलेलं इंजिन टांगून कुणाला घाई न करता मापं घेता येत नाहीत. वेल्डिंगचे फक्त टाके मार, दोन दिवस तसंच राहू दे, बोनेट लावून बघ, स्टिअरिंग फिरवून बघ, मग पक्कं कर. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या वायरी सुटलेल्या हव्यात.

तुझी जीप ८० इंची. केएमटी-९० घेतलास तर तो चार गिअरचा बॉक्स लांब, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट आणखी आखूड होणार आणि त्याचा कोन वाढणार. ट्रान्स्फर केसचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर राहिलं पाहिजे, तरच दोन्ही क्रॉस एकमेकांचा झटका मारतात. शाफ्ट कापून जोडताना दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत ठेव आणि बॅलन्स केल्याशिवाय बसवू नकोस.

आता ब्रेक. जुन्या सीजे-३बीचे ड्रम ९ इंची. डिझेल इंजिन जड, वेगही वाढणार. मी असतो तर इंजिनाला हात लावण्याआधी नंतरच्या जीपचे ११ इंची ड्रम बसवले असते आणि पुढचे पाटे तपासले असते. तुला बूस्टर लावायचा असेल तर लक्षात ठेव, पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलमध्ये तसा होत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप हवा. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो, तोच अल्टरनेटर शोध. तुझ्या जीपचे वायपर जर व्हॅक्यूमवर चालणारे असतील तर तेही बंद पडतील. आपल्या भागातला पाऊस तुला माहीत आहे, इलेक्ट्रिक मोटर बसवून घे.

पेट्रोलच्या टाकीबद्दल माझं एकच म्हणणं आहे: तिला वेल्डिंग करायचं नाही. वर्षभर रिकामी पडलेली असली, धुतलेली असली तरी नाही. आत वाफ उरते आणि टाकी फुटते. डिझेलला पंप-नोझलकडून परत येणारी रिटर्न लाइन लागते. त्यासाठी टाकीला भोक पाडून वेल्ड करायचा मोह होईल. त्यापेक्षा डिझेल जीपची टाकीच घे. पेट्रोलचा अंशही पंपाला चांगला नाही, कारण पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं.

एक छोटी गोष्ट, जिच्यावर लोक आठवडे घालवतात. इंजिन रबरावर बसतं, म्हणजे चासीपासून विजेच्या दृष्टीने सुटं असतं. इंजिन ते चासी अशी जाड अर्थची पट्टी लावली नाही तर सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या नाहीतर क्लचच्या केबलमधून रस्ता काढतो. केबल तापते, आतलं प्लास्टिक वितळतं, केबल अडकते. सेल्फ मारताना केबल गरम लागली तर आधी ही पट्टी बघ. आणि डिझेल चावीने स्पार्क तोडून बंद होत नाही, त्याचं इंधन तोडावं लागतं. बंद करायची केबल किंवा सोलेनॉइड पहिल्यांदा सुरू करण्याआधी हाताने तपासून ठेव, आणि शेजारी एकाला हवेच्या तोंडावर दाबायला लाकडाची फळी घेऊन उभा कर. तळहात तिथे कधीच न्यायचा नाही.

गाडी उभी राहिली की हमरस्त्यावर नको, आंबा घाटात ने. सकाळी लवकर, दोघं जण, पाण्याचा कॅन बरोबर. घाटात हळू चढताना तापमानाचा काटा वर जात असेल तर हवा कमी पडतेय: पंखा, त्याच्यामागचं आच्छादन, बेल्ट बघ. सपाटीला ६०-७० च्या वेगात गरम होत असेल तर रेडिएटर लहान आहे किंवा चोंदलाय. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नकोस. घाटातून उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतर आणि गिअर निसटतो का ते बघ. निसटला तर डायल गेज पुन्हा बाहेर काढायचा.

घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसर आणि रात्रभर ठेव. तेल कुठून टपकतंय ते पुठ्ठ्यावर दिसेल. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर माउंटिंगचे, बेल हाउसिंगचे आणि प्रोपेलर शाफ्टचे सगळे बोल्ट पुन्हा आवळ, आणि तेल बदलताना काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात बघ. पिवळे कण दिसले तर बुश किंवा बेअरिंग, चकचकीत लोखंडाचे दिसले तर गाडी उभी कर.

लेथवाल्याला प्लेटची ऑर्डर देण्याआधी मापाचा कागद घेऊन ये. डायल गेज माझ्याकडे आहे, वस्तादांचाच. तो घेऊन जा, पण वापरून झाला की डब्यात ठेवताना स्टँड वेगळा ठेव, सुईवर काही पडता कामा नये.